दरडोई पहिले

"लोकसंख्येवर जाऊ नका," साहेब कॅमेऱ्यात बघून म्हणाले. "आमचा देश नकाशावर शोधायला चष्मा लागतो, मान्य आहे. पण दरडोई खर्चात आम्ही जगात पहिले आहोत. पहिले! आमचा खेळाडू नुसता खेळाडू नाही, दर्दी आहे दर्दी."

स्क्रीनवरच्या चौकटींमधून टाळ्या पडल्या. नेमकं त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी ड्रिल सुरू केलं, त्यामुळे टाळ्या ऐकू आल्या नाहीत, नुसत्या दिसल्या. साहेबांना तेवढ्या पुरल्या.

कंपनीचा मोबाईलवरचा एक खेळ होता. खेळ फुकट होता. पिंजऱ्यातला पावाचा तुकडाही उंदराला फुकटच असतो. पैसे लागायचे ते अंड्यांना. पैसे भरायचे, अंडं घ्यायचं, स्क्रीनवर बोट मारून फोडायचं, आतून एक योद्धा निघायचा. कोण निघेल ते नशीब. बहुतेक वेळा डोक्यावर बादली घातलेला एक शिपाई निघायचा. तो लढायचा नाही, नुसता वळून बघायचा, आणि बादलीमुळे त्याला दिसायचंही नाही. सगळ्यात दुर्मीळ होती मेघमालिनी. ढगावर उभी राहून बाण मारायची. ती निघाली असं लोकांनी ऐकलेलं होतं; बघितलेलं कुणी नव्हतं.

तर या खेळाचं आपल्या देशातलं ऑफिस म्हणजे दातवाल्यांच्या डोक्यावरची एक खोली आणि तिच्यात तीन माणसं. एक साहेब. एक आकडेवाली, जी आलेख काढायची. आणि एक तक्रारवाला, जो खेळाडूंचे फोन घ्यायचा आणि प्रत्येकाला "तुमच्या भावना वरपर्यंत पोचवतो" असं सांगायचा. वर म्हणजे छत होतं.

हेड ऑफिसात देशांना रंग असत. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे बरा, लाल म्हणजे संभाळा. लालच्या खाली गेलं की रंग मिळत नसे. मग तो देश ‘इतर’ नावाच्या रकान्यात टाकत. ‘इतर’ला ऑफिस नसतं, साहेब नसतो, शेजारच्या देशातलं ऑफिस सवड मिळाली तर त्याच्याकडे बघतं. आपण गेले वर्षभर लालच्या काठावर लोंबकळत होतो, आणि साहेबांचं वय असं होतं की या वयात दुसरीकडे अर्ज केला तर लोक आधी आदराने खुर्ची देतात आणि मग नोकरी देत नाहीत. म्हणून तर दरडोईची शक्कल निघाली होती.

"उत्तम," हेड ऑफिसच्या मोठ्या बाई म्हणाल्या. "मग हे तुमचे दर्दी लोक कोण आहेत, कसे आहेत, ते कळवा. बाकीच्या देशांतही तसेच तयार करू."

मीटिंग संपली. साहेबांनी उठून टाय सैल केला. आकडेवाली त्यांची खुर्ची बाजूला सरकवत जवळ आली.

"साहेब, ते लोक नाहीयेत."

"कोण नाहीयेत?"

"दर्दी लोक. ते लोक नाहीयेत. तो आहे. एकच आहे."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे फुकटे. शंभरातले एक्क्याण्णव हा एकटा भरतो. त्याला सगळ्यांत वाटलं की दरडोई येतं. भागाकार आहे हो, भागाकाराला काय कळतंय."

साहेबांनी आलेखावर बोट ठेवलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे आपला देश म्हणजे एक माणूस?"

"सध्या तरी. आजारी नाही पडला म्हणजे मिळवली."

"अहो, त्याला मी ओळखतो!" तक्रारवाला हेडफोन काढत ओरडला. "झोपमोड! खेळातलं नाव ‘झोपमोड’ आहे त्याचं. रोज फोन असतो. भला माणूस आहे, शिव्यासुद्धा अहो-जाहो करून देतो. ऐकवू?"

त्याने कालचं रेकॉर्डिंग लावलं.

"अहो, सकाळपासून फोडतोय," आवाज कळवळून म्हणत होता. "परत बादलीवाला! तुमच्या कंपनीत दुसरी माणसं नाहीत का? माझ्याकडे आता इतक्या बादल्या झाल्यात की… एक मिनिट हं, गिऱ्हाईक आलंय." मग प्लास्टिक चुरचुरल्याचा आवाज आणि लांबून तोच माणूस, एकदम गोड होऊन: "या या! बसून बघा, झोपून बघा, कूस बदलून बघा, बघायला पैसे लागत नाहीत!"

साहेब मटकन बसले. खुर्ची तिथे नव्हती, आकडेवालीने ती मघाशीच सरकवली होती. जमिनीवर बसल्या बसल्या ते म्हणाले, "हा आमचा बाळ्या आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाळ्या म्हणजे साहेबांच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं गाद्यांचं दुकान होतं.

*

त्या रविवारी सासूबाई मुलीकडे आल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि पदर हाताशी होताच म्हणून चष्माही पुसून घेतला.

"जावईबापू, तुम्ही त्याच्याशी एकदा बोला. तुमचं तो ऐकतो. दुकानात गाद्या कमी होतायत आणि गल्ल्यात काही वाढत नाही. मी म्हटलं, अरे गाद्या काय चालत जातात का? तर म्हणतो, आई, मंदी आहे. आता मंदीत माणसं झोपत नाहीत का? उलट जास्त झोपतात!"

"बाई-बिई तर नाही ना कुणी?" बायको हळूच म्हणाली.

"असती तर दिसली असती. हा दिवसभर फोनात तोंड खुपसून."

साहेब मूग गिळून बसले. बाई होती. धनुष्यबाण घेऊन ढगावर उभी होती आणि साहेबांच्याच कंपनीची होती.

"अहो, बोलाल ना?" बायकोने विचारलं. "गप्प काय बसलात? तुमची ऑफिसातली तीन माणसं तुम्ही संभाळता, माझा एक भाऊ नाही संभाळता येत?"

"उद्याच जातो," साहेब म्हणाले.

ते खरोखर गेले. दुकान लांबट होतं, पुढे उशा, मागे गाद्यांची थप्पी. पुढून बघितलं तर दुकान भरलेलं वाटे, पण थप्पीच्या मागे नुसती खोकी होती आणि खोक्यांच्या मागे एक गादी टाकून तिच्यावर बाळ्या पालथा पडला होता.

"भाऊजी! या या, बसा. झोपताय का जरा?"

"बाळ्या, तू तो खेळ खेळतोस?"

"म्हणजे काय! तुमचाच तर आहे." बाळ्या उठून बसला. गादीवरचं प्लास्टिक चुरचुरलं. "तुम्हाला आठवतंय ना, तुम्ही सगळ्या नातेवाइकांना घरी बोलावलं होतंत? म्हणालात, आपल्या माणसांनीच नाही घेतला तर बाहेरचे कशाला घेतील? सगळ्यांनी तुमच्या देखत घेतला आणि जिना उतरता उतरता काढून टाकला. मला नाही ते बरं वाटलं. म्हटलं, भाऊजींच्या नोकरीचा प्रश्न आहे. रोज एक अंडं घ्यायचो. तुमच्यासाठी म्हणून."

"माझ्यासाठी?"

"पहिले दोन महिने तुमच्यासाठी. मग काय झालं कुणास ठाऊक." त्याने फोन पुढे केला. स्क्रीनवर योद्ध्यांची रांगच रांग होती, आणि शेवटी एक काळी चौकट. "सगळे आहेत बघा. ही एकच नाही. ती रिकामी जागा दिसते ना, ती दातात काहीतरी अडकल्यासारखी वाटते. जीभ सारखी तिथेच जाते."

‘बंद कर,’ हे दोन शब्द साहेबांच्या ओठांपर्यंत आले. पण बाळ्या बंद झाला की देश बंद. देश बंद झाला की खोली, आलेख, तक्रारी, टाय, सगळं ‘इतर’. साहेबांनी ते दोन शब्द परत आत घेतले आणि म्हणाले, "डोळ्यांना जप हं."

बाहेर पडताना त्यांनी एक उशी विकत घेतली. निदान तेवढी तरी भरपाई.

*

दुसऱ्या दिवशी साहेबांना मार्ग सापडला. मार्ग इतका सुंदर होता की त्यांनी तो उभं राहून सांगितला.

"त्याला मेघमालिनी देऊन टाकू! पोरगं खूश होईल. खूश झालेला माणूस हात सैल सोडतो. पण आता जिवावर उदार होऊन नाही, मजेमजेत, बेताबेताने. देशही राहील, दुकानही राहील. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही."

"वा!" आकडेवाली म्हणाली. तिने खुशीचा आलेखसुद्धा लगेच काढून दाखवला, तो वरच जात होता. तक्रारवाल्याच्या तर डोळ्यांत पाणी आलं. कुणाची तरी भावना पहिल्यांदाच वरपर्यंत पोचत होती.

अडचण एकच. नियमाने एकट्या माणसाला काही देता येत नव्हतं, द्यायचं तर सगळ्या देशाला. मग साहेबांनी ‘राष्ट्रीय आनंद दुपार’ मंजूर करून घेतली. त्या दुपारी तासभर अंड्यांमधलं नशीब जरा उघडं ठेवायचं. हेड ऑफिसने दर्दी लोकांसाठी म्हणून लगेच होकार दिला. तक्रारवाल्याने बाळ्याला फोन करून "आज दुपारी फोडाच, माझं ऐका" असं कानात सांगितलं, आणि तिघंही खुर्च्या जोडून स्क्रीनपुढे बसले.

पहिल्याच अंड्यात ती निघाली.

तिघांनी टाळ्या वाजवल्या. खालून डॉक्टरांनी छताला काठी मारली.

"आता बघा," साहेब म्हणाले, "आता आनंदाने कसा घेतो."

बघितलं. त्या दुपारी काही झालं नाही. "आनंद जिरायला वेळ लागतो," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. आठवडा गेला.

"साहेब, आलेख खाली चाललाय."

"किती खाली?"

"खाली म्हणजे… संपला. आता नुसती जमीन दिसतेय."

तक्रारवाल्याने घाबरत घाबरत झोपमोडला स्वतःहून फोन लावला. ठेवला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, काही तक्रार नाही."

*

घरी मात्र दिवाणखान्यात आनंदीआनंद होता. "अहो, काय जादू केलीत?" बायको दारातच म्हणाली. "बाळ्या माणसात आला! दुकान वेळेवर उघडतो, आईशी बोलतो. काल तर म्हणे खिडकीशी उभा राहून नुसता रस्ता बघत होता."

"जावई नाही, मुलगा आहात माझे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी साहेबांच्या तोंडावरून हात फिरवला. त्या आठवड्यात साहेबांना ताटात सगळं दोनदा वाढलं गेलं. 

ऑफिसात मोठ्या बाई स्क्रीनवर आल्या. "तुमच्या दर्दी लोकांना झालं तरी काय?"

साहेबांनी टाय सरळ केला. "ते तृप्त झालेत."

"सगळेच? एकदम?"

"एकदम."

"महिनाअखेरपर्यंत परत अतृप्त करा," बाई म्हणाल्या. "नाहीतर ‘इतर’."

साहेबांनी काय काय नाही केलं! खाली दातवाल्यांकडे रांगेत बसलेल्यांना नव्या खेळाडूची फुकट अंडी वाटली, म्हटलं नवीन माणसं लागतील. तोंड बधिर झालेल्या एका आजोबांना पहिल्याच अंड्यात मेघमालिनी निघाली. त्यांनी ती नातीला दाखवली, नात म्हणाली "बरी आहे," आणि आजोबांनी खेळ काढून टाकला. मग आकडेवालीने स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या पैशांनी अंडी घेऊन बघितली. कंपनीच्याच यंत्राने तिला लबाड खेळाडू ठरवून कायमचं बाहेर काढलं. ती निषेधाची तक्रार तक्रारवाल्याकडे आली. त्याने तिला, तिच्या शेजारीच बसून, तुमच्या भावना वरपर्यंत पोचवतो असं उत्तर दिलं. ती त्या दिवशी घरी जाताना स्वतःची खुर्ची त्याच्यापासून लांब सरकवून गेली.

महिना सरत आला. साहेब उठले आणि गादीच्या दुकानात गेले.

दुकानातली खोकी गेली होती. मागेही उजेड होता. बाळ्या दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून फोम मोजत होता.

"भाऊजी! बरं झालं आलात. एका हॉटेलाची ऑर्डर मिळालीय, सगळ्या खोल्यांच्या गाद्या! आगाऊ रक्कमही दिली त्यांनी. आता गाळ्याचं थकलेलं भाडं देतो, माल भरतो. बसा ना."

साहेब बसले नाहीत. "खेळत नाहीस हल्ली?"

"नाही हो." बाळ्या हसला. "ती निघाली आणि काय झालं सांगू? काहीच नाही झालं. तिने बाण मारला, टुंग असा आवाज आला, मी फोन ठेवला. बाहेर बघितलं तर ऊन पडलं होतं. म्हटलं, अरे, हे रोज पडत होतं की काय? भाऊजी, मी सुटलो."

साहेबांना त्या क्षणी त्याच्या पाठीवर थाप मारता आली असती. हातसुद्धा वर गेला होता. मग त्यांना ‘इतर’ दिसलं. काळ्या चौकटीसारखंच होतं ते, जीभ सारखी तिथेच जात होती.

"बाळ्या," ते म्हणाले, "तिला एक बहीण आहे."

फोम मोजायची फीत सर्रकन आत गेली.

"कुणाला?"

"मेघमालिनीला. जुळी बहीण. याच आठवड्यात येतेय."

"असू दे की." बाळ्याने फीत परत ओढली. थोड्या वेळाने विचारलं, "दोघी मिळाल्या तर काय होतं?"

"एका ढगावर उभ्या राहतात."

"एकाच ढगावर?"

"शेजारी शेजारी."

बाळ्याने फोमवर खूण केली, ती चुकीच्या जागी केली, पुसली. "म्हणजे आत्ता तिच्या शेजारी… जागा दिसते का? रिकामी?"

"आजपासून दिसेल," साहेब म्हणाले.

बाळ्याने ड्रॉवर उघडून फोन काढला.

रस्त्यात बायकोचा फोन आला. "अहो, आई म्हणतेय बाळ्याकडे गेलात म्हणून. बोललात का त्याच्याशी?"

"बोललो," साहेब म्हणाले.

*

आलेख उठला, आणि कसा! आकडेवाली सगळं विसरून उभी राहिली. हॉटेलच्या सगळ्या खोल्या, त्यांतल्या सगळ्या गाद्या, त्यांचा फोम आणि गाळ्याचं थकलेलं भाडं त्या आलेखावरून भराभरा वर चढत होतं. साहेबांनी हेड ऑफिसला कळवलं: दर्दी परतले.

उत्तर लगेच आलं. मोठ्या बाईंनी आभार मानले होते. महिनाअखेरची वाट बघण्यात अर्थ नाही असं ठरल्यामुळे देश शुक्रवारीच ‘इतर’मध्ये गेला होता, कळवायचं राहून गेलं, कारण ‘इतर’ला कळवायची पद्धत नाही. शुक्रवारनंतर वाढलेला आकडा शेजारच्या देशात धरला होता. शेजारच्या साहेबांना बढती दिली होती.

तक्रारवाल्याने हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला. आकडेवालीने आलेख बंद केला. खाली ड्रिल चालू होतं.

"निदान त्याला तरी थांबवू द्या," म्हणत साहेब जिना उतरले ते धावतच सुटले. नोकरी गेली होती, ती गेलीच. पण पोरगं अजून फोडत असणार, आणि तेही शेजाऱ्यांसाठी. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा स्वार्थ आणि त्यांची सदिच्छा एका दिशेने धावत होती, आणि धावताना दोघांनाही धाप लागली होती.

दुकानाचं शटर खाली होतं. त्याला नवंकोरं कुलूप होतं. बाळ्याने भाडं बुडवलं म्हणून गाळ्याच्या मालकाने दुपारी येऊन शटर ओढलं होतं, कुलूप लावलं होतं आणि किल्ली खिशात घालून तो परगावी लग्नाला गेला होता. आत डोकावून बघायचं त्याला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी थप्पीमागे फोनात तोंड खुपसून पालथा पडलेला बाळ्या त्याला दिसला नसता.

"बाळ्या!" साहेबांनी शटर बडवलं. "बाळ्या, थांबव! बहीण-बिहीण काही नको, थांबव!"

आतून टुंग असा आवाज आला. मग थोड्या वेळाने परत.

बायको आणि सासूबाई रिक्षाने आल्या. शेजारच्या वेल्डरने कटर आणला. शटर कापताना एक ठिणगी आत उडाली आणि पुढच्या उशांवर पडली. उशा फोमच्या होत्या. बाळ्याला वेळेवर बाहेर काढलं. फोन आत राहिला म्हणून तो परत आत गेला आणि घेऊन आला.

दुकान राहिलं नाही. बाळ्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत. डॉक्टरांनी महिनाभर बोटं हलवायची नाहीत असं सांगितलंय. तो साहेबांच्या घरी बाहेरच्या खोलीत पडून असतो. पोरगं निदान शांत राहतं म्हणून फोन सासूबाई धरतात आणि तो सांगेल तिथे बोट लावतात. दुकानाचं खातं बंद झाल्यामुळे फोनला आता त्यांचं खातं जोडलंय. काल त्यांचा चष्मा सापडत नव्हता, तेव्हा ‘एक अंडं’वर लावायचं बोट ‘सगळी अंडी’वर लागलं.